विहिरीचं वळण

“कोणती जागा घेताय मॅडम? पहिली निवड तुमच्या मुलीची आहे.”

“शेवटची,” मी म्हणाले.

क्रीडा अधिकाऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी चुकून बोलले. बाकीच्या जिल्ह्यांतून आलेल्या कोचमंडळींना मात्र लगेच हुरूप आला. त्यांच्यातले एक तर खुर्ची सोडून टेबलाजवळच येऊन उभे राहिले, न जाणो मी शब्द फिरवला तर.

हे चाललं होतं अंबडच्या बाजूला एका पाझर तलावाच्या काठावर. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं, नुकती थंडी पडायला लागलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं मुलींच्या ट्रायथलॉनची विभागीय निवड चाचणी होती. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, पाण्यातून निघून ओल्या अंगानं सायकल मारायची आणि सायकल टाकून पळायचं. मध्ये दम खायला सुट्टी नाही. तेव्हा आमच्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. आमचे प्राचार्य ‘तो तिहेरी प्रकार’ एवढं म्हणून मोकळे व्हायचे.

मी जालन्यातल्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होते. पदाच्या नावात डायरेक्टर असलं तरी मैदानावर चुन्याची फक्की मी टाकायचे आणि नेटही मीच बांधायचे. त्या वर्षी माझ्याकडे एकच मुलगी या चाचणीला होती. मुक्ता. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची. पळायला लागली की तिला धरणारी मुलगी विभागात नव्हती. क्रॉसकंट्रीत ती पहिली आली होती, म्हणूनच तर क्रीडा अधिकारी साहेबांनी जागेची पहिली निवड तिला दिली होती.

चाचणीतून पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. मुक्ताला क्रीडाशिक्षिका व्हायचं होतं. कॉलेजातले मार्क बेताचे. राज्याला खेळलेली असली तर बी.पी.एड.ला जागा मिळायची आशा होती, एरवी नाही. त्यातून तिच्या वडिलांनी घरात सरळ अट घातली होती. यंदा निवड झाली तर पुढं शिकवीन. नाही झाली, तर पुढचं मी ठरवीन. ते काय ठरवणार होते हे तिच्या आईपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुणे दोनदा येऊनही गेले होते.

आता जागेचं सांगते. काठावर फक्कीची लांब रेघ मारलेली होती. रेघेवर खुंट्या, खुंटीला नंबर. समोर पाण्यात तेलाची रिकामी पिंपं भगवा रंग देऊन सोडली होती, वर झेंडे. पिंप डाव्या हाताला ठेवून वळायचं, पुढच्या पिंपाला पुन्हा तसंच वळायचं आणि काठावर यायचं. पहिलं पिंप एक नंबरच्या खुंटीच्या नाकासमोर होतं. म्हणजे एक नंबरला रस्ता सगळ्यात जवळचा. शेवटच्या खुंटीवरून तेच पिंप तिरकं पडायचं आणि लांबही. शाळेत भूमिती शिकलेला कुणीही माणूस एक नंबरच घेईल.

माझी अडचण अशी होती की मुक्ता भूमितीप्रमाणे पोहत नव्हती.

पावसाळा सरल्यावर मी तिला पहिल्यांदा मोठ्या पाण्यात उतरवलं, तेव्हाची गोष्ट. तोवर ती मान वर ठेवून पोहायची, गावात सगळे पोहतात तशी. तसं पोहलं की दिसतं सगळं, पण वेग येत नाही आणि पाय थकतात. पुढं त्याच पायांनी सायकल मारायची असते. म्हणून मी तिला तोंड पाण्यात घालून हात मारायला शिकवलं होतं. पोरीनं ते पटकन उचललं. समोरच्या काठावरची एक बाभूळ दाखवून मी म्हणाले, जा तिथपर्यंत. ती गेली, झकास वेगानं गेली, आणि वर मान काढली तेव्हा म्हशींच्या कळपात होती. बाभूळ राहिली पार उजवीकडे. म्हशींचा गुराखी ओरडायला लागला.

मी तिला परत पाठवलं. पुन्हा डावीकडेच. वाऱ्यामुळे असेल म्हणून दुसऱ्या दिवशी उलट्या काठावरून सोडलं. तिथूनही डावीकडे. मी विचारलं की तिला म्हणायची, “मॅडम, मी तर बराबर सरळच चालले व्हते.” आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्या अंगाला ते सरळच वाटत होतं.

मग एका रविवारी मी एसटीनं धावड्याला गेले. तिची विहीर पाहायची होती. वडील घरी नव्हते, भोकरदनच्या बाजाराला गेले होते. मुक्ताची चुलतभावंडं विहिरीत डुंबत होती. मी काठावरच्या थारोळ्याच्या दगडावर बसले आणि घटकाभर नुसतं बघत राहिले. विहीर चांगली ऐसपैस, गोल. एका अंगाला इंजिनाचा पाइप पाण्यात उतरलेला. त्या पाइपावर कुणी आदळू नये, एकमेकांच्या अंगावर कुणी येऊ नये, म्हणून तिथं एक कायदा होता. सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं, भिंत उजव्या हाताला ठेवून. उलटं फिरणाऱ्याला वरून शिव्या बसत. कुणी घातलेला कायदा, कधीचा, कुणालाच सांगता येईना.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भिंत उजवीकडे म्हणजे वळण कायम डावीकडे. गोल फिरताना बाहेरचा हात जास्त ओढतो. मुक्ताचा उजवा हात बारा-पंधरा वर्षं लांब, भक्कम ओढत आलेला, डावा आपला नावापुरता. मान वर होती तोवर डोळे तिला सांभाळून घेत होते. मी तिचे डोळे पाण्यात घातले आणि विहीर बाहेर आली.

मी दोन्ही हात सारखे करायचा प्रयत्न केला. नुसत्या डाव्या हातानं पोहायला लावलं. दर थोड्या वेळानं नाकापर्यंत डोकं वर काढून झेंडा बघायला शिकवलं. आमच्या भाषेत याला सायटिंग म्हणतात. ताजी असली की जमायचं. दमली की पुन्हा गाडी म्हशींकडे. चाचणी तोंडावर आली तेव्हा मी ठरवलं, आता हात दुरुस्त करत बसायचं नाही. आहे त्या हाताला सोयीची जागा शोधायची. गाडीचं स्टिअरिंग एका बाजूला ओढत असलं तर ड्रायव्हर तो हिशेब धरूनच गाडी काढतो, तसं.

म्हणून शेवटची खुंटी. तिथून ती सरळ निघाली की तिचा हात तिला आपोआप डावीकडे, पिंपाकडे नेणार. शिवाय तिकडे गर्दी नाही. मोठ्या पाण्यातल्या स्टार्टला सगळ्या एकदम उड्या घेतात. कुणाचा पाय कुणाच्या नाकावर, कुणाचा गॉगल कुणाच्या हातात. शहरातल्या जलतरण तलावात सराव केलेल्या मुलींना असल्या धक्काबुक्कीची सवय नसते, आणि मुक्ताला तर मुळीच नव्हती. विहिरीत कायदा होता ना.

हे सगळं मी मुक्ताला समजावलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. तिच्या वडिलांना सांगायचं राहून गेलं होतं. आणि ते नेमके त्या दुपारी अर्धं गाव जीपमध्ये कोंबून तलावावर हजर झाले.

आप्पा म्हणजे मुक्ताचे वडील, गावचे उपसरपंच. पंगत कुठलीही असो, पाटावर पहिले आप्पा. मी ‘शेवटची’ म्हणाले तेव्हा ते माझ्या मागेच उभे होते.

“बाई, हे काय करून राह्यल्या तुम्ही?” ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण मागची माणसं जवळ सरकली. “माह्या पोरीनं पहिला नंबर कमावला, अन् तिला शेवटाला उभं करता? बाहेरगावच्या पोरी पुढं अन् आपली कोपऱ्यात? गावात मी काय सांगू?”

मी त्यांना विहीर, हात, वळण, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं काहीच नाही. उलट विहिरीचं नाव निघाल्यावर ते जास्तच दुखावले. विहीर त्यांच्या वडिलांनी खणलेली, पोहायला त्यांनीच पोरीला शिकवलेलं, पाठीला भोपळा बांधून. म्हणाले की आजवर त्या विहिरीत कुणी वाकडं पोहलं नाही. वाटल्यास पोरीचं नाव मागं घेतो, पण कोपऱ्यात उभी राहू देणार नाही.

साहेब घड्याळाकडे बघायला लागले. नाव मागं घ्यायचं तर तसं लिहून द्या, असं काहीतरी पुटपुटले. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. आप्पा बोलले ते करणारा माणूस होता. पोरीचं पुढचं शिक्षण त्या एका खुंटीपायी जाणार, असं मला दिसायला लागलं.

मुक्ता तोवर खाली मान घालून पायानं फक्की उकरत होती. ती हळूच म्हणाली, “आप्पा, तुमीबी तिरकेच जाता.”

“कोण, मी?”

“हाव. मी लहान व्हते तवापासून बघते.”

“आगं, डोळे झाकून सरळ जातो मी. बिलकुल सरळ.”

“मंग झाका,” मुक्ता म्हणाली.

धावड्याची मंडळी हसली. आता आप्पांना मागं फिरता येईना. त्यांनी पटका सोडून एका पोऱ्याच्या हातात दिला, सदरा काढला, धोतर खोचलं आणि पाण्याकडे निघाले. साहेब म्हणाले, हे नियमात बसत नाही. मी म्हणाले, शर्यत उद्या आहे साहेब, आज तलाव सगळ्यांचा आहे.

आप्पांना एक नंबरच्या खुंटीसमोर उभं केलं. समोर पिंप. त्यांनी ते नीट पाहून घेतलं, डोळे मिटले आणि पाण्यात शिरले. माणूस पोहायला खरोखर चांगला होता. पन्नाशीतला, पण हात कसा लांब पडत होता. सुरुवातीला तर सरळच निघाले. मग हळूहळू, बैलगाडी रस्ता सोडून बांधाकडे कलते तसे, ते डावीकडे कलायला लागले. काठावरची माणसं ओरडायला लागली. आप्पांना वाटलं, आपली वाहवा चाललीय. त्यांनी आणखी जोर लावला. जितका जोर जास्त, तितकं वळण जास्त. शेवटी ते वळत वळत पुन्हा काठालाच लागले, पार डावीकडच्या चिखलात, आणि हाताला गवत लागलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

बराच वेळ ते तिथंच उभे राहून लांबच्या पिंपाकडे बघत होते. जीपमधून आलेली माणसं हसून हसून खाली बसली होती. मी मात्र हसले नाही. एक तर हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला. तो चिखल तुडवत आला, पटका घेतला, त्यानं तोंड पुसलं आणि साहेबांना म्हणाला, “लिहा. शेवटची.”

मग मला जरा बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “जाताना ठीक हाये बाई. पण येताना? येताना हिला कोण वळवून आणणार?”

प्रश्न बरोबर होता. शेवटच्या पिंपापासून काठापर्यंत सरळ यायचं होतं, आणि तोवर ती दमलेली असणार होती. मी म्हणाले, बाहेर यायच्या जागेपासून तिच्या उजव्या हाताला कुणीतरी लांबून दिसेल असं उभं राहिलं, तर ती त्याच्याकडे बघून पोहेल आणि डावीकडे सरकत बरोबर जागेवर येईल. पण तिथं सगळी दलदल आहे, बेशरमाची झुडपं आहेत, शर्यत संपेपर्यंत जागचं हलता येणार नाही. आप्पांनी विचारलं, लाल पटका चालंल का?

सकाळी पाण्यावर वाफ होती. सगळ्या मुली पाण्यात पाय बुडवून कुडकुडत होत्या. एक नंबरच्या खुंटीपासून पुढं नुसती दाटी, आणि रेघेच्या शेवटाला एकटी मुक्ता. शिट्टी झाली. डावीकडे पाण्याचा नुसता काला झाला. एकीनं लगेच मदतीसाठी हात वर केला, एकीचा गॉगल गेला, दोघी एकमेकींत अडकून उभ्याच राहिल्या. मुक्ता आपल्या मोकळ्या पाण्यात पहिला हात लांब टाकून निघाली. धावड्याची मंडळी ओरडत होती, कुठं चालली ही, पिंप तिकडं राह्यलं. मी तिच्यातलं आणि पिंपातलं अंतर मोजत होते.

मग ती कलायला लागली. अगदी जशी हवी तशी. पिंपाजवळ पोचली तेव्हा गर्दी आतून धक्के खात येत होती आणि ही बाहेरून अलगद आली. आणि वळण तर काय, तिच्या जन्माचं. बाकीच्या मुली पिंपाला वळताना थांबत होत्या, मान वर काढत होत्या. ही पिंपाभोवती अशी फिरली, जणू तिथं विहिरीचं बांधकाम होतं. एका वळणात तिनं तीन मुली मागं टाकल्या. दुसऱ्या पिंपाला आणखी एक.

परतीच्या सरळ टप्प्यात मात्र माझी नजर तिच्या हातांवर होती. ती दमली होती. उजवा हात जोरात, डावा नुसता पडत होता. ती कलायला लागली. सायटिंग विसरली की काय म्हणून मी काठाकाठानं पळायला लागले. तेवढ्यात तिच्या उजवीकडून आवाज आला. शेतातून शेतात हाक मारतात ना, बांधावर बांध ओलांडून जाणारी, तशी हाक. आप्पा गुडघाभर चिखलात उभे होते आणि दोन्ही हातांनी लाल पटका फडकवत होते. तिला हाक ऐकू गेली की नाही, देव जाणे. पण तिनं डोकं वर काढलं, लाल रंग पाहिला आणि उजवीकडे वळली. पुन्हा कलली, पुन्हा डोकं काढलं. अशी नागमोडी करत ती जागेवर येऊन लागली.

पाण्यातून ती चौथी निघाली. सगळे तिच्या मागं सायकलींकडे पळाले. मी वळून पाहिलं. आप्पा तिथंच होते, पटका धरून. शर्यत संपेपर्यंत हलायचं नाही असं मी म्हणाले होते, आणि शर्यत अजून संपली नव्हती. त्यांना कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं, पण मीही सायकलींकडेच धावले.

तिची सायकल साधी, बिनगिअरची, कॉलेजच्या गॅदरिंगला पाहुण्यांचे हार आणायला वापरायचो ती. सायकलीवर तिची जागा चौथीची चौथीच राहिली. पण पळायला सुरुवात झाली आणि मी निर्धास्त झाले. पहिल्या अर्ध्या वाटेतच तिनं एकीला गाठलं. शेवटची चढण लागली तिथं दुसरीला. सगळ्यात पुढची औरंगाबादची मुलगी मात्र तिला सापडली नाही. मुक्ता दुसरी आली.

ती रेघ ओलांडून माझ्या गळ्यात पडली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? “आप्पा कुठं हायेत?” मग आम्ही दोघी खाली तलावावर गेलो. आप्पांचे पाय चिखलात इतके रुतले होते की आम्हा दोघींना ते धरून काढावे लागले. एक चप्पल तिथंच राहिली. मुक्तानं त्यांना निकाल सांगितला. तोच चिखलाचा पटका त्यांनी तिच्या डोक्याला गुंडाळला आणि मग तोंड फिरवून बेशरमाच्या झुडपांकडे बघत राहिले. मलाही रडू आलं, ते मी सर्दीवर ढकललं.

राज्य स्पर्धेत ती कितवी आली ते विचारू नका. तिथं पोहणं खाडीत होतं, खाडीला उजवी वळणं होती. पण ती खेळली, बी.पी.एड.ला गेली, आणि आता टेंभुर्णीला एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. शाळेतल्या मुलींना ती विहिरीत एक दिवस भिंत उजवीकडे आणि एक दिवस डावीकडे ठेवून फिरवते. धावड्याच्या विहिरीवरही आता तोच कायदा आहे, आणि उलटं फिरणाऱ्याला वरून शिव्या घालायला आप्पा स्वतः बसतात.

नोकरीत मी पुढंही पुष्कळ मुलींना पुष्कळ रेघांवर उभं केलं. मी एवढंच शिकले की जवळची जागा बहुतेक सगळ्यांना दिसते, म्हणून तिथं गर्दी असते. आपल्या मुलीची खोड ठाऊक असली की लांबची जागाही तिला पिंपावर नेऊन सोडते. तिची खोड माहीत नसेल, तर एक नंबर घेऊनही म्हशीच.

निवडीनंतरच्या रविवारी आप्पांनी गावजेवण घातलं. मला घ्यायला जीप पाठवली होती. पाट मांडले, माणसं उभी राहिली, आणि पहिल्या पाटाकडे हात करून आप्पा मला म्हणाले, “बाई, पहिली निवड तुमची.”

मी शेवटचा पाट दाखवला. स्वयंपाकाच्या चुली तिकडं होत्या, गरम पोळी आधी तिथंच येणार होती. आप्पांनी चुलीकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि येऊन माझ्या शेजारी बसले.